कोलोनोस्कोपी : एनबीआय, डाय की एआय, नक्की काय बघून ठरवायचं?

सांगलीची_लेक : थोरल्या काकांना ५४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला म्हणून बाबांची कोलोनोस्कोपी (मोठं आतडं कॅमेऱ्याने आतून बघणं) करायचीय. एका ठिकाणी म्हणतात आमच्याकडे एनबीआय आहे, दुसरीकडे एआयवालं मशीन. भीती एकच, काही असलं तर सुटायला नको. कोणाला अनुभव?

स्कोपवाला : ताई, मी एंडोस्कोपी रूममध्ये टेक्निशियन आहे. एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) म्हणजे वेगळी टेस्ट नाही, स्कोपवरचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीवरचं, बटण दाबलं की निळा-हिरवा प्रकाश पडतो, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा, तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि बारीक रक्तवाहिन्या तपकिरी दिसतात. ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो तो पॉलिप (आतड्याच्या आतल्या बाजूची गाठ), त्यात त्यांची जाळी दाट, म्हणून तपकिरी डाग उठून दिसतो. पण आतडं घाण असेल तर सगळं वाया, एनबीआयमध्ये पित्ताचं पिवळं पाणी चक्क रक्तासारखं लाल दिसतं.

डाय म्हणजे इंडिगो कार्मिनसारखा निळा रंग, फवारला की खाचांत साचतो आणि चपट्या गाठीची कड दिसते. बरीच वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याची जुनाट सूज) असलेल्यांना हे जास्त करतात. एआय स्क्रीनवर संशयाच्या जागी चौकोन काढतं, मदत होते, पण आतड्याच्या घडीच्या मागे कॅमेरा नेलाच नाही तर ते तरी काय दाखवणार? त्यामुळे मशीनपेक्षा हे विचारा, एचडी स्कोप आहे का, सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या पार सुरुवातीच्या टोकापर्यंत) जाऊन फोटो काढता का, बाहेर येताना किती वेळ बघता (निदान ६ मिनिटं तरी हवीत) आणि डॉक्टरांचा ॲडेनोमा सापडण्याचा रेट, म्हणजे शंभरातल्या किती जणांत सापडतो, तो किती. चिडले तरी विचारा.

मीनल_ठाणे : आतडं साफ असण्याचं अगदी खरंय. आईने पोट साफ करायच्या औषधाचं पाणी रात्री अर्धंच प्यायलं, उलटी होते म्हणून, आम्हीपण जाऊदे म्हटलं आणि रिपोर्ट नॉर्मल. वर्षाने दुसरीकडे केली तेव्हा उजव्या बाजूला चपटा पॉलिप, वर नुसता चिकट पडदा, डॉक्टरांनी पाण्याने धुतल्यावर कड दिसली, सेसाइल सेरेटेड (पुढे कॅन्सर होऊ शकतो असा चपटा प्रकार) म्हणाले आणि तिथेच काढला. दुसऱ्या वेळी अर्धं औषध रात्री, अर्धं पहाटे दिलं होतं, ते तिला जमलं.

सांगलीची_लेक : बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, चालेल ना?

स्कोपवाला : आधीच सांगा, पॉलिप काढावा लागला तर रक्तस्राव होऊ शकतो. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच.