लेथचा कीस गिलाव्यात घालून मोबाइलच्या लहरी अडतील का?

प्रश्न: चाचणीच्या खोलीत १ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी कमी करायच्या आहेत. लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) निघालेला पोलादाचा आणि अॅल्युमिनियमचा कीस भरपूर आहे. दोन्ही चालतील?

प्रतिसाद १: अॅल्युमिनियम अजिबात नको. सिमेंटमधल्या अल्कलीशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो, गिलावा फुगतो. पोलादी कीस गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा आणि लगेच वाळवा, नाहीतर गंज चढतो. कूलंटचं (कातताना थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवाचं) तेल राहिलं तर सिमेंट धरत नाही.

प्रतिसाद २: कण एकमेकांना टेकले तरच वीज वाहणारं जाळं बनतं, आणि लहरी अडवतं ते हे जाळंच. म्हणून भुकटीपेक्षा लांबट कीस कमी प्रमाणातही जास्त उपयोगी. मात्र लांब गुंडाळ्यांचे मिक्सरमध्ये गोळे होतात. १ ते २ सेंमी तुकडे करून आधी कोरड्या वाळूत मिसळा. वेगवेगळ्या प्रमाणांचे ठोकळे करून त्यांचा विजेला होणारा रोध मोजा, पण पूर्ण सुकल्यावरच. ओला गिलावा पाण्यामुळेच वीज वाहतो आणि आकडा फसवतो.

प्रतिसाद ३: भिंतीइतकंच दाराकडे बघा! १ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० सेंमी. फट तिच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे १.५ सेंमीपेक्षा लांब नको. फट अरुंद असली तरी लांबी नडते. चौकटीला सलग तांब्याची पट्टी लावून ती गिलाव्यातल्या किसाच्या जाळ्याला जोडा.