मदत हवी आहे: अण्णांचं पार्किन्सन, चालताना पाय अडकतात (सोलापूर)

नमस्कार मंडळी, आमच्या अण्णांना पार्किन्सन (कंपवात) आहे असं न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलंय. अण्णांची सगळी हयात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. थरथर नंतर आली, त्याआधी चालताना उजवा हात हलायचाच बंद झाला होता, अक्षर बारीक बारीक होत गेलं आणि शेंगा चटणीचा वास येईना म्हणायचे, घरात सगळ्यांना वाटलं वयामुळे असेल. चेहरा पण सारखा गंभीर दिसतो, पण मनातून तसे नसतात हो, पाहुण्यांना समजावून सांगावं लागतं.

आता लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी चालू आहे, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, डाळ दूध मटण असल्या प्रोटीनसोबत घेतली तर नीट लागू पडत नाही म्हणाले. गोळीचा असर असतो तोवर अण्णा झकास, पण पुढच्या डोसच्या आधी अंग आखडतं आणि बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ओढायची भीती वाटते, पडले तर? मी शेजारी उभी राहून "एक दोन, एक दोन" म्हणते तेव्हा कधी कधी पाऊल उचलतं. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून फरक पडतो असं ऐकलंय, कोणी केलंय का, किती अंतरावर लावायच्या?

आणि सोलापुरात घरी येऊन व्यायाम घेणारे, पार्किन्सनचा अनुभव असलेले फिजिओ माहीत आहेत का? पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ माहितेय, पण अण्णांना प्रवास झेपत नाही. दुपारची गोळी नि जेवण याचं गणित तुम्ही कसं बसवता ते पण सांगा प्लीज.