अनुभव धागा: एका मुलाचा खर्च उचलणं (सोलापूर आणि आसपास)

धागाकर्ती

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नोव्हेंबर लागला की विषय निघतोच, यंदा कुणाकुणाची फी भरायची. ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांना हे नवं नाही. दशमांशातून, म्हणजे देवासाठी काढलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्श्यातून, एखाद्या मुलाचा खर्च उचलायचा, नाहीतर परदेशातलं कुणीतरी आपल्या गल्लीतल्या पोरीला ‘स्पॉन्सर’ करणार, मग तिचा फोटो, तिची पत्रं. सोलापुरात याच्या तिन्ही बाजूंची माणसं भेटतात: देणारी, घेणारी आणि मधे बसून फॉर्म भरणारी. देणाऱ्यांचं आपण उपासनेत साक्षीच्या, म्हणजे अनुभव सांगायच्या वेळी ऐकतो. बाकीच्या दोघांच्या हातात माईक येत नाही. म्हणून हा धागा.

मुलांची नावं, शाळा, फोटो नकोत. संस्थेबद्दल तक्रार असेल तर नाव न घेता लिहा. धर्मांतरावर भांडायला जागा पुष्कळ आहेत, इथे भांडू नका. पण तुमच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडलं ते जरूर सांगा, गोड असो की कडू.

रेल्वे लाइन्सकर

रेल्वेतून निवृत्त. पगार सुरू झाला तेव्हापासून दशमांशाचं पाकीट वेगळं काढायची सवय आईने लावलेली. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हाच शुद्ध धर्म, असं बायबलातल्या याकोबाच्या पत्रात आहे. आमचे जुने पाळक (चर्चचे धर्मगुरू) यावर बोलताना ‘समाचार’ पाकिटातून जात नाही, घरी जाऊन घ्यावा लागतो, असं ठासून सांगत. पण डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, हेही प्रभूनेच सांगितलंय. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, यात माझी बरीच वर्षं गेली.

शेवटी असं ठरवलं की मुलाच्या घरी जायचं ते मंडळीतला एक माणूस म्हणून. फी कोण भरतं ते फक्त पाळक आणि खजिनदाराला माहीत. एका मुलाची आठवीपासून आयटीआयपर्यंतची फी अशी गेली. तो पास झाला तेव्हा पेढे घेऊन उपासनेनंतर दारात उभा राहिला. सगळ्यांना एकेक. मलाही एक मिळाला. ‘काका, अजून घ्या’ म्हणाला, तर माझी बायको म्हणते, यांना साखर आहे, नको.

पैसा कुठून येतो तेही सांगतो. कापणीच्या सणाला लोक कोंबड्या, भोपळे, ज्वारी, शेंगा चटणी घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकच कोंबडी तीनदा विकली जाते, कारण घेणारा ती पुन्हा अर्पण करतो. चटणीच्या पुड्याला बाजारात कुणी देणार नाही असा भाव येतो. त्यातला ठरलेला भाग शिक्षण निधीला.

अशोक चौकातली

मी घेणाऱ्यांपैकी. आम्ही पद्मशाली, विणकर समाजातले, घरात तेलुगू. आई विडी वळायची. कारखान्यातून पानं, तंबाखू, सूत आणायचं, पानं भिजवायची, कापायची, वळायची, बांधायची. मजुरी दर हजार विड्यांमागे. खराब म्हणून जितक्या काढून टाकतील तितके पैसे गेले. शाळेतून आल्यावर विड्यांची तोंडं बंद करायचं काम आमच्या बोटांचं.

तिसरीत असताना शेजारच्या मावशीने एका केंद्रात नाव घातलं. आम्ही त्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणायचो. शाळा सुटली की तिथे जायचं, अभ्यास, जेवण, गाणी. वर्षातून एकदा डॉक्टर. माझे स्पॉन्सर म्हणजे एक म्हातारं जोडपं. त्यांनी बर्फातल्या घराचा फोटो पाठवला होता. आईने तो देव्हाऱ्याशेजारी लावला. नंतर कुणीतरी म्हणालं, अगं, ती ख्रिश्चन माणसं. आई म्हणाली, मग काय झालं, फी भरतात ना?

विचारलंय म्हणून सांगते. जेवायच्या आधी प्रार्थना असायची, येशूच्या गोष्टी असायच्या, रविवारी या असंही म्हणायचे. मी जायची कधी कधी, केकसाठी. धर्म बदला असं मला किंवा आईला कुणी म्हटलं नाही. नारळी पौर्णिमेला आमच्या समाजाच्या दैवताचा, मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी प्रोजेक्टच्या निम्म्या पोरी गायब, मॅडमही काही बोलायच्या नाहीत. दुसरीकडे वेगळं घडलं असेल तर त्यांनी लिहावं, मी माझंच सांगू शकते.

मला एका गोष्टीचा राग मात्र होता. वार्षिक फोटोसाठी नवा फ्रॉक घालून उभं करायचे आणि हसायला लावायचे. फ्रॉक माझाच राहायचा, तरीही. आपल्याला कुणीतरी बघून पसंत करणार आहे, हे आठव्या-नवव्या वर्षीही कळतं.

आज मी स्टाफ नर्स आहे. आईची विडी बंद केली, पण तिची बोटं बंद होत नाहीत, टीव्ही बघता बघता रुमालाची सुरळी करत बसते.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

ताईंचं वाचलं आन् लिहावंसं वाटलं. मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर हाय. आमच्या घरात पण प्रोजेक्ट होतं, पण ते धाकट्या भावाचं. एका घरातलं एकच पोरगं घेत होते, आन् माझं वय जास्त झालेलं. मॅडम चांगल्या होत्या, नियम तसा होता.

त्याला साबण, टूथपेस्ट, वह्या, दिवाळी-नाताळाला कपडे. आई टूथपेस्ट चौघांना पुरवायची. वह्या पण मला दिल्या असत्या तिनं, पण वह्या तपासायला मागायचे, म्हणून त्या त्याच्याच. त्याची शाळा टिकली, माझी नववीत सुटली. त्याच्यावर राग नाही. तो आज पुण्यात हाय, महिन्याला पैसे टाकतो, माझ्या पोरीची फी तोच भरतो. म्हंजे फिरून पैसा आमच्याकडं आलाच की बे, असं दोस्त म्हणतेत. आलाय. पण माझी नववी काय आली नाही.

देणाऱ्यांना एवढंच सांगणं, पोरगं निवडताना घरात आणखी कोण हाय ते इचारा.

पत्रं वाचणारी

मी या दोघांच्या आणि त्यांच्या दात्यांच्या मधली. काही वर्षं अशा पत्रांचं भाषांतर केलं, मराठीतून इंग्रजीत आणि उलट, पत्रामागे थोडे पैसे. पत्ता लिहायचा नाही, काही मागायचं नाही, आडनाव नाही. उरायचं ते सगळ्यांचं सारखंच: मी बरा आहे, अभ्यास करतो, तुमच्यासाठी प्रार्थना करतो. समोर फळ्यावर नमुना लिहिलेला असणार, दुसरं काय. एका गठ्ठ्यात तीन मुलांचा आवडता रंग, आवडता प्राणी आणि आवडतं वचन तंतोतंत एकच होतं.

आणि मधेच एखादं असं यायचं की हात थांबावा. एका मुलाने लिहिलं होतं, ‘आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येते, तुमच्याकडे किती दिवसांनी येते?’ पलीकडून उत्तर आलं, रोज येतं, पण आता आंघोळ करताना तुझी आठवण येते. मला ते फार प्रामाणिक वाटलं. दुसऱ्या एका बाईंनी एका मुलीला तुमच्या बागेचं चित्र काढून पाठव म्हणून लिहिलं. तिने सिद्धेश्वर तलावाकाठची बाग काढली आणि खाली लिहिलं, ही आमची बाग. खोटं काय होतं त्यात?

माझं मत विचाराल तर मुलाला हवं तितकं वाईट अक्षर आणि हवं ते लिहू द्यावं. गोड पत्रांनी देणारा खूश होतो, पण त्याला मूल कळत नाही.

जुळे सोलापूर, पगारदार

महिन्याला हजार रुपये, बँकेतून परस्पर. पावती ठेवते. एवढंच.

केंद्रात काम केलेला

वर बऱ्याच जणांनी ‘प्रोजेक्ट’चा उल्लेख भूतकाळात केलाय, त्याचं कारण लिहितो. कोरियन युद्धातल्या अनाथांसाठी 1952 मध्ये सुरू झालेली कम्पॅशन इंटरनॅशनल ही या पद्धतीतली मोठी अमेरिकी संस्था. तिला भारतात पैसे पाठवायला गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागेल असं ठरलं आणि 2017 च्या मार्चमध्ये तिने इथलं काम थांबवलं. देशभरात सुमारे दीड लाख मुलं तिच्या यादीत होती. सरकारचं म्हणणं, पैसा धर्मांतराकडे जातो. संस्थेने ते नाकारलं. यावर मी इथे निवाडा करत नाही.

आमचं केंद्र वेगळ्या साखळीतलं, लहान. आम्हाला आडवं आलं ते 2020 मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीचं कलम. त्याआधी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशातून आलेले पैसे आमच्यासारख्या छोट्यांना पुढे देऊ शकत होती. दुरुस्तीने ते बंद केलं. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि अशा कामात शिक्षक, समाजसेविका, हिशेबनीस हाच खरा खर्च असतो.

दहावीच्या तोंडावर असलेल्या मुलांना ‘तुमची पत्रं आता येणार नाहीत’ हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. फी थांबली याचं मोठ्यांना वाईट वाटलं. लहान मुलं विचारत होती, आमचं काही चुकलं का.

नंतर दोन मंडळ्यांनी मिळून त्यातली जमतील तेवढी मुलं घेतली. जेवण बंद, डॉक्टर बंद, फी आणि संध्याकाळची शिकवणी चालू. फोटो-पत्रांचा सोपस्कारही गेला. तो गेल्याचं मला दुःख नाही, जेवण गेल्याचं आहे.

मूळ सोलापूर, सध्या पुणे

मी ख्रिस्ती आहे आणि मला हा प्रकारच खटकतो. फोटो बघून मूल निवडायचं आणि ‘माझं मूल’ म्हणत फ्रिजवर लावायचं. त्याच्या आईबापांचं काय? एमआयडीसीवाल्या दादांनी लिहिलंय तेच माझं म्हणणं. विडी कामगारांना हजारी मजुरी नीट मिळाली तर कुणाच्या बर्फातल्या घराची गरज पडणार नाही. कुंभारीला विडी कामगारांची घरं झाली ती कामगार चळवळीच्या रेट्यामुळे, कुणाच्या दानामुळे नाही. बायबलात मत्तय 25 मध्ये भुकेल्याला खायला द्या असं आहे, आधी त्याचा फोटो मागवा असं नाही.

धागाकर्ती

फोटोबद्दल सहमत. पण उपयोग होत नाही असं म्हणता येणार नाही. अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक आणि सहकाऱ्यांचा 2013 चा अभ्यास आहे, कम्पॅशनच्या कामाचाच, सहा देशांतला, त्यात भारतही होता. लहानपणी प्रायोजक मिळालेली मुलं मोठेपणी पाहिली तर त्यांचं शिक्षण साधारण एक ते दीड वर्षाने जास्त झालेलं निघालं. आपल्याकडे एक वर्ष म्हणजे नववीत सुटणं आणि दहावी होणं यातला फरक.

मूळ सोलापूर, सध्या पुणे

मान्य. पण ते दीड वर्ष ज्याला मिळालं त्याचं. दादांच्या नववीचं काय, हा प्रश्न तिथेच राहतो.

एक पणती

वाद चालू द्या, मी जरा मागे नेते. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आला तोच अशा मदतीतून. 1900 च्या दुष्काळात पणजी सोलापुरात मिशनच्या बोर्डिंगात आली. बरोबर कुणी नव्हतं. गावाचं नाव तिला सांगता आलं, आडनाव नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम तेव्हा इथे चालू होतं. त्याच काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ने वाचकांना भारतातल्या दुष्काळी अनाथांचा खर्च उचलण्याचं आवाहन केलं होतं, वर्षाला 15 डॉलर एका मुलामागे. पणजीच्या वाटचे कुणी भरले की नाही, कागद नाही.

पुण्याहून येताना दौंडच्या आधी केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणून मुक्ती मिशन उभं केलं ते इथलंच. आजी गाडीतून जाताना तिथे हात जोडायची आणि आम्हालाही जोडायला लावायची. लोक म्हणतात, पोटासाठी धर्म बदलला. असेलही. पणजी जगली म्हणून मी हे लिहिते आहे. तिने पुढे तीन अनाथ मुली घरात वाढवल्या आणि त्यातल्या एकीचीही पावती कुणाला पाठवली नाही.

नवीन सभासद

अनुभव नाही, प्रश्न आहे. आमच्या मंडळीबाहेरची एक बाई आहे, नवरा वारला, दोन मुलं, धुणीभांडी करते. चर्चच्या निधीतून एकाच मुलाची फी बसते आहे आणि दादांचं वाचल्यापासून एकालाच द्यायचं धाडस होत नाही. काय करावं?

केंद्रात काम केलेला

आधी सरकारी योजनेचा अर्ज करा, तिथे दोन्ही मुलांचा विचार होतो. राज्याची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची, मुलामागे महिन्याला 2250 रुपये. एक पालक गेलेल्या मुलांनाही मिळते. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाखाली महिन्याला 4000 रुपये आहेत, पण त्याला उत्पन्नाची अट आहे: शहरात वर्षाला 96 हजार, ग्रामीण भागात 72 हजारांपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मंजुरीच्या प्रक्रियेत बाल कल्याण समिती असते. पैसे सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर चर्चचा निधी दोघांत वाटा.

वडिलांचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, सगळ्यांची आधार कार्डं आणि मुलांचे शाळेचे दाखले एकत्र करून ठेवा. बहुतेक अर्ज अडकतो तो उत्पन्नाच्या दाखल्यावर, तो पहिल्यांदा काढा. बाईंना एकटीला पाठवू नका, कामावर खाडा होतो आणि तिथे उद्या या म्हणतात. मंडळीतल्या कुणीतरी सोबत जावं.

रेल्वे लाइन्सकर

मी जाईन. मला आता वेळच वेळ आहे. निरोप ठेवा.