शनिवारचा भाग: बंद खोलीत काय झालं ते सीरियलवाल्यांना कुणी सांगितलं?

सातरस्ता
शनिवारी रात्रीचा त्या क्राइम सीरियलचा भाग बघितला का कुणी? नौदलातला कमांडर मर्चंट नेव्हीचा कॅप्टन झालाय, मुंबईचं लोणावळा झालंय, सगळ्यांच्या हातात मोबाइल आलेत. पण कॅप्टन बायकोमुलांना सिनेमाला सोडून तडक पिस्तूल आणायला निघाला आणि आमच्या आईनं भाकरी थापता थापताच सांगून टाकलं, "हे तर नानावटीचं."

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. २७ एप्रिल १९५९, मुंबई. कमांडर कावस नानावटीला त्याची इंग्रज बायको सिल्व्हिया सांगते की तिचे प्रेम आहूजा नावाच्या व्यापाऱ्याशी संबंध आहेत. तो तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडतो, बोटीवरून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतो, आहूजाच्या फ्लॅटवर जातो. बेडरूमचं दार लागतं आणि आत तीन गोळ्या सुटतात. मग स्वतःहून पोलिसांत हजर. ज्यूरीनं, म्हणजे कौल द्यायला बसवलेल्या नऊ सामान्य नागरिकांनी, ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टात पाठवलं. तिथं जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली.

माझी तक्रार एका सीनपुरती आहे. कॅप्टन विचारतो, तिच्याशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का? व्यापारी आरशात बघून भांग पाडत हसतो आणि म्हणतो, जिच्या-जिच्याबरोबर झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करत बसू काय? पार्श्वसंगीत थांबतं. झटापट होते, पिस्तूल उडतं, आणि घरात बसलेला प्रत्येक प्रेक्षक मनात म्हणतो, बरं झालं मेला.

हे वाक्य लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, खटल्यातलंच आहे. पण ते कोर्टाला सांगितलं कुणी? खुद्द नानावटीनं, स्वतःच्या बचावात. दाराआड दोघंच होते आणि त्यातला दुसरा मेलेला. म्हणजे आरोपीची कैफियत सीरियलनं घडलेली घटना म्हणून दाखवली. "त्याच्या म्हणण्याप्रमाणे" एवढंसुद्धा कुणाच्या तोंडी नाही.

शेंगाचटणी
सीरियल हाय बे ती, पंचनामा नाही. काय बोललालास!

पार्कचौक
सातरस्ता, मुद्दा चांगला काढलात, पण फार ताणलात. जी गोष्ट भर कोर्टात सांगितली गेली आणि नऊपैकी आठ ज्यूरींनी मानली, ती लेखकानं उचलली तर त्यात लबाडी कसली? नाटक लिहिणाऱ्याला शेवटी एक बाजू धरावीच लागते. "असं झालं असेल, कदाचित तसंही असेल" असं चाळीस मिनिटं करत बसला तर लोक चॅनल बदलतील.

आणि नावं बदलली त्याचं कौतुक कुणीच करत नाही. त्या जोडप्याला तीन मुलं होती. आईबापाचं नाव दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी पडद्यावर येतं, त्यांनी काय करायचं? निदान या सीरियलनं तेवढी लाज राखली.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
मी धंद्याचं बोलतो. सोलापुरात राहून एवढी मोठी चूक कुणाच्या लक्षात आली नाही याचं नवल वाटतं. खऱ्या प्रकरणात आहूजा आंघोळ करून नुकताच बाहेर आलेला, कमरेला टॉवेल. तो मेला तेव्हा टॉवेल कमरेलाच होता. सरकारी पक्षाचा सगळा भर त्यावर: झटापट झाली म्हणता, मग टॉवेल सुटला कसा नाही?

आता सीरियलमध्ये काय घातलंय बघा. बाथरोब! पट्ट्याचा, गुडघ्यापर्यंत, हॉटेलात देतात तसला. पट्ट्याची गाठ मारलेला रोब दहा माणसांनी ओढला तरी अंगावर राहतो. टॉवेलचं तसं नाही. आमच्याकडचा टेरी टॉवेल जाड, लूप उभे, त्याची गाठच बसत नाही, नुसता खोचायचा. माणूस वाकला तरी हात कमरेकडे जातो. रिव्हॉल्व्हरसाठी दोघं हमरीतुमरीवर आले असते तर पहिला टॉवेल खाली पडला असता. कपडेपटवाल्यानं एक कपडा बदलला आणि खुनाचा पुरावाच गायब!

शेंगाचटणी
टॉवेलवाल्या मालकांनी केस सोडवली राव. सीआयडीत घ्या यांना.

कोर्टगल्ली
टॉवेलचा मुद्दा बरोबर आहे, पण तेवढ्यावर शिक्षा झाली नव्हती. मी वकिली करते, तो निकाल अभ्यासाला होता. अचानक चिथावणी मिळाली आणि रागाच्या भरात हातून झालं, हा बचाव फेटाळताना सुप्रीम कोर्टानं घड्याळ लावलं. नानावटी घरातून निघाला दुपारी दीडच्या सुमाराला, गोळ्या झाडल्या ४ वाजून २० मिनिटांनी. मधल्या वेळात बायकोमुलांना सिनेमाला पोचवलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून शस्त्र घेतलं, आधी आहूजाच्या ऑफिसात चौकशी केली, मग घर गाठलं. डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असं कोर्ट म्हणालं.

सीरियलमध्ये हे तीन तास तीन मिनिटांत उरकलेत. कॅप्टन घरातून निघतो, डोळे लाल, पाऊस, वायपर, पिस्तूल, धाड. तिथं प्रेक्षकाचाही राग थंड होऊ दिलेला नाही. म्हणून पार्कचौक, "नऊपैकी आठांनी मानलं" हा आधार घेऊ नका. तो कौल दोन वरच्या कोर्टांनी टिकू दिला नाही.

पार्कचौक
मॅडम, कायद्यात तुमच्यापुढे बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण कोर्टानं म्हटलं तेच दाखवायचं, हा नियम सोलापूरकरांनी तरी करू नये. आपल्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. आरोप काय होता? पोलिसांच्या खुनाचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, चौघंही कोर्टाच्या कागदावर खुनी. आपण त्यांचे पुतळे उभे केले आणि दर जानेवारीला हार घालतो. निकालाच्या पलीकडची गोष्ट सांगायची मुभा नसती तर शाळेत आपल्याला कुणी काय शिकवलं असतं?

सातरस्ता
हुतात्म्यांना यात आणू नका, ती मार्शल लॉनंतरची इंग्रज सरकारची कोर्टं. पण आणलंच आहे तर ऐका. तिथं जो बोलू शकत नव्हता, ज्याच्या विरुद्ध सगळी सत्ता उभी होती, त्याची बाजू लोकांनी सांगितली. इथं उलटं आहे. नानावटीच्या बाजूनं तेव्हा काय नव्हतं? नौदल होतं, पारशी समाज होता, करंजियांचं 'ब्लिट्झ' साप्ताहिक दर आठवड्याला त्याला हिरो करत होतं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जायचा म्हणतात. फेरीवाले रस्त्यावर "आहूजा टॉवेल" आणि खेळण्यातलं "नानावटी रिव्हॉल्व्हर" विकायचे. ज्याची बाजू साठ वर्षांपूर्वीच ओरडून सांगून झाली तीच पुन्हा सांगण्यात धाडस कसलं?

नावं बदलण्याबद्दलही माझं मत तुमच्या उलट आहे. प्रोमोत "देश हादरवणाऱ्या सत्य घटनेवरून प्रेरित" आणि भाग सुरू होताना चार सेकंद बारीक अक्षरात "साधर्म्य आढळल्यास निव्वळ योगायोग". गिऱ्हाईक खऱ्याच्या नावावर बोलवायचं आणि जबाब द्यायची वेळ आली की काल्पनिकाच्या आड लपायचं. सरळ खरी नावं घेतली असती तर निदान निकाल तरी वाचावा लागला असता.

बाळीवेस_काकू
तुम्ही सगळे टॉवेल नि घड्याळ धरून बसलात. बायका कुठं आहेत यात?

मी सांगते मला काय खटकलं. आहूजाला बहीण होती, तिचं नावच मामी. गोळ्या झाल्या तेव्हा ती त्याच घरात होती. भावाचं प्रेत आधी तिनं बघितलं, मग कोर्टात उभी राहिली, तिच्या बाजूनं तरुण राम जेठमलानी खटल्यावर लक्ष ठेवून होते. सगळं शहर मारणाऱ्याच्या नावानं टाळ्या वाजवत असताना ती एकटी म्हणत होती की माझा भाऊ मेलाय. आणि शेवटी माफीची वेळ आली तेव्हा हरकत नाही असं लिहून द्यायलाही तीच! एवढं दुःख गिळून सही करताना त्या बाईच्या मनात काय आलं असेल? खरं नाटक तिथं आहे.

आपल्या सीरियलमध्ये बहीणच नाही. तिच्या जागी म्हातारा नोकर, तो "साहेब, साहेब" करत दार ठोठावतो. बस्स. बहीण ठेवली असती तर मेलेल्यासाठी रडणारं कुणीतरी पडद्यावर दिसलं असतं, आणि मग "बरं झालं मेला" म्हणताना जीभ अडखळली असती. म्हणून काढली तिला.

सिल्व्हियाचं तर बोलूच नका. खऱ्या बाईची प्रेमपत्रं भरल्या कोर्टात वाचली गेली, तरी ती नवऱ्यासाठी साक्षीला उभी राहिली. सीरियलमधली नुसती पदर चावते.

शेंगाचटणी
काकू एक नंबर. पण एक सांगू, आमच्या गल्लीत सात-आठ पोरांनी तो भाग बघितला आणि रात्री बारा वाजता नानावटी कोण म्हणून मोबाइलवर शोधत बसले. ज्यूरी म्हणजे काय ते पण कळालं. या केसमुळंच ज्यूरी बंद झाली म्हणे. वाईट काय त्यात?

कोर्टगल्ली
तेवढंच चुकीचं कळलं. विधी आयोगानं ज्यूरी बंद करा असं १९५८ च्या अहवालातच म्हटलं होतं, म्हणजे खुनाच्या आधी. आणि नानावटीनंतरही काही ठिकाणी ती चालू राहिली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पूर्ण गेली. पण "एका खटल्यानं ज्यूरी बुडवली" हे ऐकायला झकास लागतं, म्हणून शनिवारच्या भागातही निवेदकानं तेच ठोकून दिलं.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण "केस करता येत नाही का" असं विचारणारा मेसेज आलाय. मेलेल्या माणसाची बदनामी आपल्याकडे गुन्हा होऊ शकते, पण घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूनं ती केली हे दाखवावं लागतं. सोपं नाही. कोर्टाच्या नोंदींवर आधारलेलं लिहायला परवानगी लागत नाही, हे तमिळनाडूतल्या ऑटो शंकर या खुन्याचं आत्मचरित्र छापण्याच्या प्रकरणात १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी सिनेमाविरुद्ध दाद मागितली तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सांगितलं की त्याचा खासगीपणाचा हक्क त्याच्याबरोबरच संपला. चालू खटल्यातही पटकन बंदी येत नाही. शीना बोरा प्रकरणावरची नेटफ्लिक्सची मालिका सीबीआयला थांबवायची होती. मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी ती आधी बघितली आणि मग २०२४ मध्ये दाखवू दिली.

पार्कचौक
हेच तर म्हणतोय. कोर्ट बघून सोडतं आणि आपण सोलापुरात बसून बंदी मागतो.

सातरस्ता
बंदी कुठं मागितली मी? वर जाऊन वाचा. खोलीतला सीन आरोपी कोर्टात सांगतोय असा दाखवा, एवढंच मागतोय. एक पिंजरा, एक वकील, दोन शॉट. त्याला काही बजेट लागत नाही.

पार्कचौक
मग बचावाची बाजूही तशीच दाखवा, टॉवेलही तसाच, बहीणही तशीच. ते झालं डॉक्युमेंटरीचं काम. मला शनिवारी रात्री जेवताना ते नको.

बाळीवेस_काकू
जेवताना खून चालतो, बहीण चालत नाही होय?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
पुढच्या शनिवारचा प्रोमो आला बघा. टीव्हीत काम करणारा तरुण पोरगा, हिरॉइन होऊ बघणारी मुलगी, तिचा होणारा नवरा, आणि स्क्रीनभर लाल अक्षरात "प्लॅन करून केलेला खून". हे मुंबईतलं २००८ चं नीरज ग्रोव्हर प्रकरण दिसतंय.

कोर्टगल्ली
दिसतंय खरं. आणि असेल तर लाल अक्षरं महागात पडतील. २०११ मध्ये सेशन्स कोर्टानं त्यात ठरवून केलेला खून मानलाच नव्हता. नीरजला मारणाऱ्या त्या होणाऱ्या नवऱ्याला सदोष मनुष्यवधासाठी दहा वर्षं, मुलीला पुरावा नष्ट केल्याबद्दल तीन. इथं खोलीतली दोन माणसं जिवंत आहेत, वकील लावू शकतात.

सातरस्ता
आणि नीरजची बाजू कोण लावणार?

शेंगाचटणी
शनिवारी बघून सांगतो. लाइट राहिली तर.