‘एफ्लोरेसन्स’ : बहर की लोणा?

प्रश्न : जुन्या वाड्यांच्या जतनाविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद मी करीत आहे. त्यात ‘एफ्लोरेसन्स’ हा शब्द एकदा पेशवाईतील वास्तुकलेसंदर्भात आणि एकदा विटांच्या भिंतीवरील पांढऱ्या थरासंदर्भात आला आहे. कोशात पहिला अर्थ ‘फुलोरा येणे’ असा आहे. दोन्ही ठिकाणी फुलण्याशी संबंधित शब्द योजावा काय?

उत्तर १ : पहिल्या ठिकाणी ‘बहर’ अवश्य लिहावे, कारण वनस्पतीच्या फुलोऱ्यावरून कलेच्या ऐन भरभराटीपर्यंतचा अर्थविस्तार मराठीनेही केलेला आहे. भिंतीसाठी मात्र ‘लोणा’ हा आपला जुना, नेमका शब्द असताना दुसरा शोधण्याचे कारण नाही. विटेत, चुन्यात किंवा जमिनीतून चढणाऱ्या ओलीत विरघळलेले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येतात, पाणी वाळून जाते आणि क्षारांचे स्फटिक मागे उरतात. जवळून पाहिल्यास हे स्फटिक कापसासारखे तंतुमय दिसतात, त्यामुळे इंग्रजीत फूल का आठवले असावे हे कळते. बांधकामात याची रीतसर चाचणीही आहे. भारतीय मानक ३४९५ नुसार वीट २५ मिमी पाण्यात उभी ठेवतात, पाणी शोषले जाऊन वाळले की पुन्हा पाणी घालून तेच करतात. त्यानंतर १० टक्क्यांपर्यंत पृष्ठभागावर क्षारांचा पातळ थर आला तर लोणा ‘किंचित’, त्याहून अधिक पण ५० टक्क्यांपर्यंत आला तर ‘मध्यम’ मानतात.

उत्तर २ : रसायनशास्त्रातील अर्थ याहून वेगळा आहे. धुण्याच्या सोड्याचा पारदर्शक स्फटिक कोरड्या हवेत उघडा ठेवला, तर त्याच्या दहा जलरेणूंपैकी नऊ निघून जातात आणि त्याची पांढरी भुकटी होते. या क्रियेलाही हेच नाव आहे. वैद्यकात अंगावर उठणाऱ्या पुरळालाही ते लावीत असत.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. लेखात पुढे असे म्हटले आहे की हे क्षार कधी कधी पृष्ठभागाच्या आतच साठतात आणि ते अधिक घातक असते. तेथेही ‘लोणा’ चालेल का?

उत्तर १ : तेथे ‘आतला लोणा’ असे स्पष्ट लिहावे. स्फटिक विटेच्या छिद्रांत वाढून आतून दाब देतात आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल कोंडून हे हमखास घडते. आणखी एक विनंती : मूळ लेखात कोरड्या कुंचल्याने झाडण्याविषयी लिहिले असेल, तर अनुवादात ‘लोणा धुऊन काढावा’ असे होऊ देऊ नये, कारण धुतलेल्या पाण्याबरोबर बरेचसे क्षार पुन्हा विटेत मुरतात.