ठशाला तडा, मग नाण्याला काय?

माझ्या नाण्यांची नोंदवही मी इतकी वर्षं इंग्रजीत ठेवली. आता मराठीत उतरवायला बसले आणि तिसऱ्याच नाण्यापाशी अडले. प्रूफ नाणं आहे, म्हणजे संग्राहकांसाठी मुद्दाम काळजीने पाडलेलं. आरशासारख्या सपाट भागावर कडेपासून निघालेली आणि सालाच्या आकड्यातून आरपार गेलेली केसाएवढी रेघ आहे. संग्राहक तिला डाय क्रॅक म्हणतात. मी 'तडा गेलेलं प्रूफ नाणं' असं लिहून मोकळी झाले. भावाने नोंद वाचली आणि म्हणाला, "तडा गेलेलं कशाला जपतेस? मोडीत घाल की."

तो चुकला असंही म्हणता येत नाही. मराठीत त्या वाक्याचा अर्थ तोच होतो. पण नाण्याला तडा गेलेलाच नाही, तो गेला होता डायला, म्हणजे नाणं ज्याने पाडतात त्या पोलादी तुकड्याला. तर डायला काय म्हणायचं, त्या रेघेला काय म्हणायचं, आणि असल्या नाण्यांना मिळून काय? 'सदोष' म्हटलं की सरकारी पत्र आल्यासारखं वाटतं. 'खोट' म्हणावं तर नाणंच खोटं ठरतं! मंडळी, खाली एकेकाने सुचवा.

*

डायला 'साचा' तेवढं लिहू नका, बाकी काहीही चालेल. बरेच जण लिहितात. साच्यात रस ओततात, मूर्ती किंवा घंटा साच्यातून निघते. आजचं नाणं ओतीव नसतं. दोन कडक पोलादी तुकड्यांच्या मध्ये कोरी चकती ठेवून दाब देतात आणि धातू घट्ट असतानाच कोरलेल्या खोलगट जागांत सरकतो. त्या पोलादी तुकड्याला आपल्याकडे 'ठसा' हा शब्द आहे. क्रियापदही घरचंच आहे, नाणी 'पाडतात'. छापतात त्या नोटा. हल्ली नाण्यांचीही छपाई वाचायला मिळते, ते सोडून द्या.

'शिक्का' हा जुना दावेदार. अरबीत सिक्का म्हणजे मुळात हा ठसाच. मग ठशाने उमटलेला मजकूर आणि मग खुद्द नाणं, असा तो सरकत गेला. हिंदीत नाण्यावर येऊन थांबला, मराठीने त्याला कागदपत्रांवर नेऊन बसवलं. आज 'शिक्क्याला तडा गेला' म्हटलं तर लोकांना रबरी शिक्का दिसेल.

'तडा' मात्र नेमका आहे. भेग सुकून पडते, जमिनीला पडते, टाचेला पडते. तडा जायला वस्तू कडक हवी आणि तिच्यावर ताण यायला हवा. कपाला, काचेला, भिंतीला तडा जातो. पुन्हा पुन्हा दाब सोसणाऱ्या पोलादाला जातो तो तडाच. भेग 'पडते' आणि तडा 'जातो', यातही फरक आहे. तडा एका जागी थांबत नाही, पुढे चालत राहतो.

*

पण ठसा दोन्हीकडे चालतो ना? बोटाचा ठसा म्हणजे उमटलेली खूण, बोट नव्हे. 'ठशावर रेघ आहे' असं लिहिलं तर ती पोलादावर की नाण्यावर?

*

पोलादाचा तो ठसा, नाण्यावर उमटली ती छाप. नोंदवहीपुरतं एवढं ठरवून टाका.

*

मी जन्मभर टूलरूममध्ये काम केलं. नाणी नाही, पत्र्याचे भाग काढायचो, पण दाब तो दाब. आमच्यात ठसा कुणी म्हणत नाही. डायच म्हणतात, आणि ती स्त्रीलिंगी. डाय बसवली, डाय घासली, डाय गेली. 'गेली' म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं.

तडा कुठून सुरू होतो ते सांगतो. जिथे कोरीव भागाचा कोपरा तीक्ष्ण असतो तिथे ताण साचतो. म्हणून तुमची रेघ आकड्यांतून नाहीतर अक्षरांतून जाताना दिसेल, मोकळ्या मैदानात उगाच उगवलेली कमी वेळा. सुरुवातीला ती नजरेला पडत नाही. माल तपासताना एखाद्या भागावर बारीक रेघ दिसते, तेव्हा कळतं की डायला काहीतरी झालंय. म्हणजे मालच डायची तक्रार सांगतो. पुढे तडा रुंदावतो, दोन तडे भेटतात आणि कडेजवळचा टवका उडतो. मग त्या जागी नाण्यावर काय येत असेल ते मंडळींनी सांगावं.

*

काका, त्या जागी नाण्यावर नक्षी नसते, कडेला चिकटलेला गुळगुळीत फुगवटा येतो. इंग्रजीत त्याला 'कड' (cud) म्हणतात. मराठीत वाचणाऱ्याला ती नाण्याची कड वाटणार आणि तो फुगवटा असतोही कडेलाच, त्यामुळे हा शब्द तर अजिबात नको!

तुमच्या बोलण्यावरून माझा गोंधळ कुठे होता ते लक्षात आलं. पोलादातून काही कमी झालं की नाण्यावर भर पडते. ठशातली फट म्हणजे नाण्यावरचा बारीक बांध. काल रात्री भिंग घेऊन पुन्हा बसले. दिवा डाव्या हाताला ठेवला, नाणं कडेला धरून जरा कलतं केलं. रेघेची डावी बाजू चमकली आणि उजवीकडे बारीक सावली पडली. शेजारच्या अक्षराचंही तसंच. अक्षर उठावाचं आहे हे माहीत असतं, म्हणून ते साक्षीदार. खोल ओरखडा असता तर चमक उलट्या बाजूला आली असती. डोळे फसतात, उंच ते खोल वाटायला लागतं, म्हणून अक्षराशी ताडून बघायचं.

हे सांगते कारण एकदा मी फसले आहे. एका विक्रेत्याने 'डाय क्रॅक' म्हणून दिलेल्या नाण्यावर नुसता चरा निघाला. कुणीतरी कशाने तरी ओढलेला, पार आत गेलेला. मराठीत चरा आणि तडा हे दोन शब्द वेगळे असल्याचा त्या दिवशी फार राग आला होता, दोन्ही माहीत असून बघितलं नाही म्हणून.

*

ताई, प्रूफवर आणखी एक रेघ असते, ती विसरू नका. ठशावर किंवा चकतीवर कापडाचा धागा राहिला आणि दाब पडला, तर धागा नाण्यात रुततो. मागे वळणदार, आत गेलेली खूण राहते. ती खोल आहे पण ओरखडा नव्हे, कारण ती पाडतानाच झाली. शिवाय ठसा घासून चकचकीत करतात, त्या घासण्याच्या रेघा नाण्यावर उठून दिसतात, अगदी बारीक आणि बहुधा एका दिशेने. उलट कुणी नाणं रुमालाने पुसलं असेल तर त्या रेघा आत जातात. म्हणजे 'रेघ' हा एकटा शब्द कुठेच पुरत नाही. उठलेली की रुतलेली, ते आधी लिहा. या दोन विशेषणांनी अर्धं काम होतं.

*

प्रूफला 'आरसपानी नाणं' म्हणावं असं सुचवतो. ऐकायलाही छान वाटतं.

*

छान वाटतं, पण टिकत नाही. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळचे ब्रिटिश प्रूफ संच मॅट होते, त्यांत आरसा नाहीच. अमेरिकेतही १९०९ ते १९१६ मधले लिंकन सेंटचे प्रूफ मॅट आहेत. 'नमुना नाणं' म्हणावं तर चलनात न आलेल्या प्रस्तावित रचनेला तो शब्द लागेल. 'पुरावा नाणं' हे यंत्राचं भाषांतर, त्यावर बोलायला नको. छापखान्यात प्रूफं तपासतात तसंच हे मूळ आहे. ठसा नीट उमटतो का ते बघायला आधी पाडलेलं नाणं ते प्रूफ. पुढे ते मुद्दाम संग्राहकांसाठी पाडायला लागले. घासलेले ठसे, घासलेली चकती, एकाहून जास्त वेळा दाब. नाव तेच राहिलं. ज्या भाषेने छापखान्यातलं प्रूफ पचवलं तिला हेही पचेल.

एक मात्र लिहून ठेवा: प्रूफ ही प्रत नव्हे, पाडण्याची रीत आहे. नाण्याच्या अवस्थेला गुण देतात ती प्रतवारी. त्यासाठी ७० गुणांची मोजपट्टी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती जुन्या अमेरिकी मोठ्या सेंटसाठी मांडली. प्रूफ नाणं हाताळून खराब झालं तरी ते प्रूफच राहतं, प्रत तेवढी उतरते. 'प्रत' आणि 'प्रतवारी' हे शब्द धान्यापासून कापसापर्यंत चालतात, नाण्यांना का चालू नयेत?

*

आता 'एरर', असल्या नाण्यांना मिळून असलेलं इंग्रजी नाव. 'चुकीचं नाणं' म्हणजे सुट्ट्यांत भलतंच आलेलं नाणं. 'खोट' नकोच, त्यात भेसळीचा वास आहे आणि खोटं नाणं म्हणजे बनावट. 'व्यंग' माणसाच्या अंगाला लावलेला शब्द, तो तिथेही आता टाळतात. 'त्रुटी' सगळे सर्रास वापरतात, पण त्रुटी म्हणजे उणीव, काहीतरी राहून गेलेलं. त्याचं खरं उदाहरण प्रूफ नाण्यांतच आहे. सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीच्या प्रूफवर 'एस' अक्षर असतं. १९६८, १९७०, १९७५ आणि १९८३ च्या काही डाइमवर (दहा सेंटचं नाणं), १९७१ च्या काही निकेलवर (पाच सेंटचं) आणि १९९० च्या काही सेंटवर ते नाही, कारण ठशावर ते अक्षर मारायचंच राहिलं. १९७५ ची तर दोनच नाणी माहीत आहेत. ही त्रुटी. तड्यात उणं काही नाही, उलट जास्तीचं आलंय. तिथे त्रुटी म्हणणं म्हणजे मिठाचा खडा जास्त पडल्यावर आमटी अळणी म्हणण्यासारखं.

साधं 'दोष' म्हणा. ठशाचा दोष, चकतीचा दोष, पाडतानाचा दोष. चूक कुठे झाली ते त्यातच येतं. ठशाचा दोष त्या ठशातून निघालेल्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर येतो, पाडताना चकती सरकली तर ते एकच नाणं बिघडतं. संग्राहकांना हा भेद फार महत्त्वाचा.

जाता जाता: जुन्या काळी सराफ झिजलेल्या किंवा परक्या टाकसाळीच्या नाण्यावर पैसे कापून घेत, तो बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथला. दोषामुळे ज्याची किंमत वाढते अशा नाण्यासाठी उलटा बट्टा कुठून आणायचा?

*

'तडा गेलेलं नाणं' हा शब्द वाया घालवू नका. चकतीलाच तडा असलेली नाणी खरोखर असतात, तिथे तो हवाच. ओळखायची जुनी रीत म्हणजे वाजवून बघणं. अखंड नाणं खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं. ठशाच्या तड्याचं नाणं मात्र खणखणीतच वाजेल. (प्रूफ नाणं वाजवून बघू नका. हे सांगायला लागू नये, पण सांगतो.)

*

मी इतका वेळ वाचतेय. त्या रेघेला 'वण' का म्हणत नाही? जखम झाली त्याची राहिलेली खूण, आणि वण बऱ्याचदा उठलेलाच असतो. जखम ठशाला, वण नाण्याला.

*

शब्द आवडला. पण वण जखम भरल्यावर राहतो. डाय कधी भरत नाही, ती जास्तच फाटत जाते.

*

डाय नाही भरत, काका, पण नाणं एकदा पडलं की पडलं. त्या क्षणी तडा जेवढा होता तेवढाच वण त्याच्यावर कायमचा राहतो. एकाच ठशाची चार नाणी शेजारी ठेवली की कुठलं आधीचं नि कुठलं नंतरचं ते वणाच्या लांबीवरून लावता येतं. प्रूफच्या ठशातून नाणी कमी पाडतात, डोळ्यांत तेल घालून तपासतात, म्हणून तिथे बहुतेक वण केसाएवढ्यावरच थांबलेले दिसतात. टवक्यापर्यंत गोष्ट जाणं फार दुर्मीळ.

*

मग 'तडवण' असा जोडशब्द?

*

तडवण म्हटलं की एसटीच्या पाटीवरचं गाव वाटतं.

*

जोडशब्द नको, सुटेच बरे. नोंद क्रमांक तीन खोडून पुन्हा लिहिली: 'प्रूफ. दर्शनी बाजू. ठशाच्या तड्याचा वण, उठलेला, कडेपासून सालाच्या शेवटच्या आकड्यातून छातीपर्यंत. चकती अखंड.' भावाला वाचायला दिली. त्याने विचारलं, "छाती कुणाची?" तर आता 'राजाच्या' हा शब्द घालते आणि चौथ्या नाण्याकडे वळते. त्यात दोन ठसे मध्ये चकती नसताना एकमेकांवर आपटलेत आणि मागच्या बाजूची नक्षी पुढे भुतासारखी दिसतेय. 'टक्कर' लिहू की 'धडक'?

*

टक्कर. धडक एकच देतो, टक्कर दोघांची होते.