पत्र्याच्या शेडवर पीयू (पॉलियुरेथेन) फोम स्प्रे: वरून मारावा की खालून?

सातपूर_पॅकिंग

नमस्कार मंडळी. नाशिकला एमआयडीसीत १२,००० चौरस फुटांची म्हणजे १२० ब्रासची शेड आहे. ०.५ मिमीचा ट्रॅपेझॉइडल (उंचसखल घड्यांचा) गॅल्व्हाल्यूम (जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला) पत्रा, १४ वर्षं जुना. पावसाळ्यात स्क्रूंभोवती आणि आडव्या जोडांतून पाणी येतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पॅकिंग लाइनवर माणूस टिकत नाही. निम्म्या भागात एसी आहे. शेजारी ऑफिसचा १,५०० चौरस फुटांचा आरसीसी स्लॅब आहे, त्यालाही ओल आहे.

दोन ठेकेदारांनी कोटेशन दिलंय. एक म्हणतो, पत्र्याच्या खालून २५ मिमी फोम मारू, स्वस्त पडेल, भर पावसातही काम होईल. दुसरा पत्र्यावर ४० मिमी फोम आणि त्यावर पांढरं कोटिंग सांगतो, पण त्याचा दर जवळजवळ दुप्पट आहे. पुढच्या वर्षी छतावर सोलर पॅनलही बसवायचे आहेत. कोणतं काम करून घ्यावं? आणि काम चालू असताना आपण नेमकं काय बघायचं?

छप्पर_तपासणी

तुमच्या दोन तक्रारी आहेत, गळती आणि उष्णता. खालून मारलेला फोम फक्त उष्णतेवर काम करतो. गळती तशीच राहते, उलट ती दिसेनाशी होते. स्क्रूच्या भोकातून आलेलं पाणी पत्रा आणि फोम यांच्या मध्ये अडकतं, त्याला सुकायला वाट नसते आणि पत्रा आतून सडायला लागतो. दोन-तीन पावसाळ्यांनी गंज वर येतो तेव्हा पत्रा वाचवण्याची वेळ गेलेली असते. तोवर पाणी फोमच्या मागून सरकत भलत्याच ठिकाणी टपकतं, त्यामुळे मूळ भोक सापडत नाही. गळक्या शेडला खालून फोम अजिबात मारू नका.

वरून मारलेला फोम पत्र्याला घट्ट चिकटतो. स्क्रू, जोड, रिज (छपराचा माथा), सगळं एका अखंड थराखाली जातं. हा बंद पेशींचा फोम असतो, म्हणजे त्यातून पाणी सहज आरपार जात नाही. वजन नगण्य: ४० मिमी जाडी आणि घनमीटरला ४५ किलो घनता धरली तर चौरस मीटरला १.८ किलो, कोटिंगसकट ३ किलोच्या आसपास. स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा केला तर तोच आकडा २०० किलोच्या घरात जातो. पर्लिनवर (पत्र्याखालच्या आधाराच्या आडव्या पट्ट्यांवर) भार नको असतो तिथे हा फरक निर्णायक ठरतो.

उष्णतेचा हिशेब ढोबळमानाने असा. दुपारी पत्रा ६५ अंशांवर आणि आतली हवा ३५ वर असेल तर उघडा पत्रा चौरस मीटरला १५० ते २०० वॅट उष्णता खाली सोडतो. ४० मिमी फोमने हाच आकडा १५ ते २० वर येतो. यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) साधारण ६ वरून ०.५५ च्या आसपास उतरते. मात्र ईसीबीसी २०१७ ची (व्यावसायिक इमारतींसाठीच्या ऊर्जा बचत संहितेची) छतासाठीची ०.३३ ही मर्यादा गाठायची असेल तर ४० मिमी पुरत नाही, ७५ मिमी लागतो. एसीच्या भागावर जाडी वाढवा आणि उरलेल्या भागावर ४० ठेवा. सगळीकडे सरसकट एकच जाडी मारण्यात पैसे वाया जातात.

आणखी एक फायदा कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. हिवाळ्यात पहाटे पत्र्याला आतून घाम सुटून मालावर थेंब पडतात, ते थांबतं. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगला हे गळती थांबण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आता दुसरी बाजू. फोमला ऊन सोसत नाही. कोटिंग नसेल तर काही दिवसांत तो पिवळा पडतो आणि पृष्ठभागाची भुकटी होऊ लागते. त्या भुकटीवर नंतर मारलेलं कोटिंग धरत नाही. म्हणून फोम मारल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पहिला हात गेलाच पाहिजे. ७२ तास उलटले असतील तर पृष्ठभाग तपासून, खरवडून मगच पुढे जायचं. "फोम आज, कोटिंग महिन्याने" असं वेळापत्रक दिसलं तर ते काम देऊ नका.

गन_आणि_ड्रम

वर लिहिलंय त्याच्याशी सहमत. मी मशीनच्या बाजूने भर घालतो, कारण बहुतेक छपरं तिथेच बिघडतात.

फोम जागेवर तयार होतो. दोन द्रव रसायनं असतात: एका ड्रममध्ये आयसोसायनेट (थोडक्यात आयसो), दुसऱ्यात पॉलिऑल. दोन्ही गरम नळ्यांतून १:१ घनफळाने गनमध्ये एकत्र येतात. हे प्रमाण ढळलं की फोम बिघडला. आयसो जास्त झालं तर फोम ठिसूळ होतो, बोटाने चुरतो. पॉलिऑल जास्त झालं तर मऊ आणि चिकट राहतो, वास जात नाही आणि काही दिवसांत आकसून कडेने सुटतो. कारण बहुतेक वेळा साधंच असतं: ड्रममधला पंप हवा ओढतो, गाळणी तुंबते किंवा सकाळी नळी पुरती गरम व्हायच्या आधी काम सुरू केलेलं असतं. म्हणून रोज पहिला फवारा छतावर नको, पुठ्ठ्यावर घ्यायला लावा. तो फुगून घट्ट झाला की कापून बघा. रंग सारखा फिकट पिवळसर आणि पेशी बारीक हव्यात. पट्टे दिसले तर काम थांबवा.

पाणी हा दुसरा शत्रू. आयसोसायनेटची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. ओल्या पत्र्यावर फोम वरून छान फुगलेला दिसतो, पण खाली चिकटलेलाच नसतो आणि उन्हात फोड येतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) निदान ३ अंश जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाशकात सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पत्र्यावर दव असतं. फडक्याने पुसून लगेच गन चालवणं चालत नाही, पत्रा सुकू द्यावा लागतो. उलट मेमध्ये दुपारचा पत्रा इतका तापतो की फोम पसरायच्या आतच फुगतो आणि दोन पट्टे एकमेकांत नीट मिसळत नाहीत. पत्रा ५० अंशांच्या वर गेला की थांबायचं. जून ते सप्टेंबर हे काम करूच नये.

एका हातात १२ मिमीपेक्षा पातळ आणि ३५-४० मिमीपेक्षा जाड थर नको. प्रक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते. एकदम जाड मारला तर गाभा करपतो, तडकतो आणि आत आग धुमसायला लागल्याचेही प्रकार घडतात. ४० मिमी म्हणजे २०-२० चे दोन हात, मध्ये थर निवू द्यायचा.

तुमच्या शेडचं प्रमाण: १२,००० चौरस फूट म्हणजे सुमारे १,११५ चौरस मीटर. पत्र्याच्या उंचवट्या-खोलव्यांमुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग १५ ते २० टक्के जास्त, म्हणजे १,३०० धरा. ४० मिमीने ५२ घनमीटर, ४५ किलोने २,३५० किलो, आणि वाया जाणारा १० टक्के धरून २,६०० किलो. पॉलिऑलचा ड्रम साधारण २२० किलोचा आणि आयसोचा २५० किलोचा असतो, म्हणजे प्रत्येकी सहा ड्रम लागतील. साइटवर चार-चारच उतरले तर जाडी किंवा घनता यांपैकी काहीतरी चोरलं जाणार आहे. रिकामे ड्रम मोजून ठेवा, हीच सगळ्यात सोपी तपासणी आहे.

पॉलिऑलमध्ये फुगवणारा घटक कोणता आहे तेही लेखी घ्या. एचसीएफसी-१४१बी या ओझोनला घातक फुगवणाऱ्या घटकाची आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे जुना साठा कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ड्रमवरची तारीख बघा. मुदत संपलेलं पॉलिऑल नीट फुगत नाही आणि घनता हाती लागत नाही.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. फवाऱ्याचे कण वाऱ्याने दूर जातात आणि गाडीच्या रंगावर बसले की निघत नाहीत. ताशी १५-२० किमीच्या वर वारा असेल तर काम बंद. शेजारच्या प्लॉटवाल्यांना आदल्या दिवशी गाड्या हलवायला सांगा.

आग_आणि_विमा

खालून मारायचा विचार करण्याआधी हे वाचा. पीयू फोम जळतो. त्यात अग्निरोधक मिसळलेलं असलं तरी जळतो, फक्त पेट उशिरा घेतो. जळताना दाट काळा धूर, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. दक्षिण कोरियात इचॉन शहरात २००८ साली बांधकाम चालू असलेल्या शीतगृहाला आग लागून ४० माणसं गेली आणि २०२० मध्ये त्याच शहरात बांधकामाधीन गोदामात ३८. दोन्ही ठिकाणी आत युरेथेन फोमचं काम झालेलं होतं.

फोम आतून उघडा ठेवला तर खालच्या यंत्राची ठिणगी किंवा सैल वायर थेट त्यालाच लागते. आतून मारायचाच असेल तर त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड किंवा चाचणी झालेलं इंट्युमेसंट (आगीत फुगून संरक्षक थर बनवणारं) कोटिंग हवं. पहिल्या ठेकेदाराच्या स्वस्त कोटेशनमध्ये ते आहे का विचारा. बहुधा नसेल, आणि ते धरलं की दरातला फरक बराच भरून निघतो.

वरून मारताना पत्रा मध्ये असतो, त्यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. ट्रस आणि पन्हाळीचं सगळं वेल्डिंग फोमच्या आधी उरका. नंतर छतावर वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालवायचा नाही, असा बोर्ड शिडीपाशी लावा. विमा कंपनीला छतात बदल केल्याचं लेखी कळवा, नाहीतर दावा करताना वाद होतो.

काम चालू असताना शेडमध्ये पॅकिंग चालू ठेवू नका. आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. गनवाल्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क पाहिजे, कापडी मास्क काही उपयोगाचा नाही. एसीची ताजी हवा ओढणारी तोंडं आणि टर्बो व्हेंटिलेटर प्लास्टिकने बंद करा. २४ तास आत कुणाला सोडू नका. उघडा माल आधीच हलवा.

सातपूर_पॅकिंग

खूप उपयोगी माहिती, आभार. खालून मारायचा विचार सोडला. तीन शंका उरल्या. कोटिंग कुठलं घ्यावं? सोलर आधी की फोम आधी? आणि एसी नसलेल्या निम्म्या भागाला फोम खरंच लागतो का?

पांढरं_छत

तिसऱ्या शंकेपासून सुरू करतो. एसी नसलेल्या भागाला कदाचित लागत नाही. तिथे स्क्रू बदलून आणि जोड सील करून चांगलं उष्णता परावर्तित करणारं पांढरं कोटिंग मारा, सोबत रिज व्हेंटिलेटर वाढवा. दुपारचा त्रास बराच कमी होईल आणि फोमच्या खर्चाच्या थोड्याशा हिश्श्यात भागेल. फोमची खरी कमाई एसीच्या भागात आहे, कारण तिथे वाचलेली उष्णता थेट वीजबिलात दिसते. पांढऱ्या रंगावर धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, धुवायचा खर्च धरा. आतल्या भागात पहाटे घाम टपकत असेल तर मात्र नुसत्या रंगाने तो थांबणार नाही, तिथे फोमच.

कोटिंग: पाणी साचत असेल तर अ‍ॅक्रिलिक नको, ते साचलेल्या पाण्यात मऊ होऊन सुटतं. सिलिकॉन पाण्याला आणि उन्हाला चांगलं टिकतं, पण ओलं झाल्यावर फार निसरडं होतं आणि त्यावर पुढे सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. ज्या छतावर माणसांची ये-जा जास्त असते तिथे अ‍ॅलिफॅटिक पीयू (उन्हात पिवळं न पडणारं पीयू कोटिंग) बरं. तुमच्या उतरत्या पत्र्यावर तिन्ही चालतील, ऑफिसच्या सपाट स्लॅबवर सिलिकॉन किंवा पीयूच घ्या.

सुकल्यावरची जाडी ०.६ मिमी हवी. घन भाग ६५ टक्के असलेल्या मालाचे चौरस मीटरला ०.९२ लिटर होतात आणि फोमच्या खडबडीतपणाला २५ टक्के जास्त, म्हणजे १.१५ लिटर. पूर्ण छताला १,५०० लिटर. पहिला हात राखाडी, दुसरा पांढरा मारायला सांगा, कुठे चुकलं ते खालूनही दिसतं.

छप्पर_तपासणी

सोलर आधी ठरवा. पॅनल आत्ता नाही, पण त्यांचे पाय फोमच्या आधी पर्लिनमध्ये बसवून घ्या आणि फोम त्यांच्याभोवती वर चढवा. नंतर भोकं पाडली तर प्रत्येक भोक ही नवी गळती. शिवाय फोमखाली पर्लिन कुठे आहे ते दिसत नाही. केबल फोममध्ये पुरू नका, तिची उष्णता बाहेर पडत नाही. पॅनल साफ करणाऱ्याच्या वाटेवर कोटिंग ओलं असताना वाळूसारखे दाणे टाकून घ्या.

पत्र्याची तयारी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. सैल स्क्रू एक माप मोठे घालून बदला, वॉशर ईपीडीएमचे (ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराचे) घ्या. गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर लावा, भोकं पडलेला पत्रा बदलाच. तेलकट भाग डिटर्जंटने धुवा आणि दोन दिवस सुकू द्या. उजेडाच्या फायबर शीट झाकून ठेवा. हे पत्र्याचं झालं. हा धागा वाचून सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर कुणी असं करणार असेल तर त्यावर ब्रश किंवा जेट चालवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आणि फळी टाकल्याशिवाय पाय ठेवू नका.

ऑफिसच्या स्लॅबवर दोन फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी जमलं तर स्लॅब अजून ओला आहे, थांबा. उतार कमी असेल तर फोमच्याच जाडीने पाणी निघायच्या तोंडाकडे उतार काढता येतो. पॅरापेटपाशी (गच्चीच्या कठड्यापाशी) कोपऱ्याला गोलाई देऊन फोम निदान सहा इंच वर न्या.

पैसे देण्याआधीची तपासणी: दर ८-१० ब्रासला एक गोल तुकडा कापा. जाडी मोजा, तळाला पत्र्यावर फोम चिकटून राहतो का बघा. स्वच्छ सुटून आला तर तो भाग नापास. १०० × १०० × ४० मिमीचा तुकडा साध्या डिजिटल काट्यावर १८ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १४ भरला तर घनता ३५ आहे. आयएस १२४३२ भाग ३ (स्प्रे फोमसाठीचं भारतीय मानक) नुसार ४०-४५ किलो घनता, असं सरकारी दरसूचीतही लिहितात, तेच वाक्य तुमच्या वर्कऑर्डरमध्ये घाला. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा चालतो, लाह्यांसारखा झाला असेल तर त्या खाचांत कोटिंग भरत नाही, तो घासून परत मारायला लावा. कापलेली भोकं पीयू सीलंटने लगेच बंद.

१० टक्के रक्कम पहिल्या पूर्ण पावसाळ्यानंतर द्यायची ठेवा. गारपीट झाली की लगेच वर चढून बघा, नाशिक भागात ती फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊ शकते. कावळे आणि पोपट चोचीने फोम उकरतात तेही याच फेरीत दिसेल. खड्डा छोटा असेल तर सीलंट भरून वर कोटिंग पुरतं, पण दाबल्यावर पाणी आलं तर तो तुकडा चौकोनी कापून कोरडा फोम भरावा लागतो. १०-१५ वर्षांनी नवा कोटिंगचा हात द्यायचा, तो वेळेवर दिला तर खालचा फोम काढायची वेळ येत नाही.